डिपार्टमेंटचा सगळा बॅकअप रेस्टिकवर टाकला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

विद्यापीठातल्या सायन्स डिपार्टमेंटमध्ये जे काम करतात त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय, कॉलेजवाल्यांनाही उपयोग होईल. रेस्टिक नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर आम्ही केमिस्ट्री डिपार्टमेंटला वापरतोय आणि आता खात्रीनं बोलता येईल एवढं ते वापरून झालंय. सरळ सांगतो, ज्या डिपार्टमेंटला स्वतःचा आयटीवाला माणूस नाही, प्रत्येक गोष्टीसाठी परचेस कमिटीपुढे जायला लागतं आणि पोरं दर दोन-चार वर्षांनी बदलतात, तिथे याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. अडचणी आहेत, काही मोठ्या आहेत, त्याही सांगतो.

आधी डेटा काय असतो ते बघा. एनएमआर मशिनचे एफआयडी (कच्चे सिग्नल), एक्सआरडी मशिनच्या फाइली, एसईएम मायक्रोस्कोपचे टिफ फोटो, पीएचडीवाल्यांचे थिसिस आणि ओरिजिन या ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट, आणि ऑफिसच्या पीसीवर नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणारी संस्था) कागदपत्रांचा सगळा पसारा म्हणजे एसएसआर (स्वतःच्या मूल्यमापनाचा अहवाल), दरवर्षीचे एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल), सरांच्या-मॅडमच्या कॅस (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट) प्रमोशनचे पुरावे, आणि श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला जुना पत्रव्यवहार. यातला थिसिस तेवढा शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर जातो, यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी ई-कॉपी देणं सक्तीचं केलं आणि इन्फ्लिबनेट ही यूजीसीची संस्था ती सांभाळते, त्यामुळे बऱ्याच गाइडना वाटतं की चला आपलं संशोधन सुरक्षित झालं. पण तिथे पीडीएफ जाते हो, त्यामागचा कच्चा डेटा जात नाही. पेपर छापून आल्यावर कुणी मूळ स्पेक्ट्रम मागितला तर तो ज्या पीसीवर होता तिथेच असतो, आणि तो पीसी चालू असेल तरच असतो.

बरं, "आमचा बॅकअप आहे" असं जे म्हणतात त्यांच्याकडे काय असतं? एक पेन ड्राइव्ह, एक एक्स्टर्नल डिस्क जी कायम त्याच पीसीला लावलेली, किंवा गूगल ड्राइव्ह. ड्राइव्हबद्दल जरा थांबून बोलायला पाहिजे कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. एक तर अनलिमिटेडचे दिवस संपले, २०२१ मध्ये गूगलनं जाहीर केलं आणि २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी असा हिशोब आला, मायक्रोसॉफ्टनंही २०२४ पासून फुकटच्या शैक्षणिक प्लॅनला तसाच १०० टीबीचा सामाईक कोटा लावला. दुसरं म्हणजे ड्राइव्ह हे सिंक आहे, तुम्ही पीसीवर फाइल उडवली की तिकडूनही उडते, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते आणि त्यानंतर फक्त अ‍ॅडमिनला अजून २५ दिवस ती परत आणता येते. विद्यापीठात हे ५५ दिवस किती लवकर जातात ते परीक्षा आणि मे महिन्याची सुट्टी लागून आली की कळतं. आणि तिसरी गोष्ट जी कुणीच सांगत नाही, फाइल ज्याच्या माय ड्राइव्हमध्ये तयार झाली ती त्याच्या मालकीची असते. पोरगं पास होऊन गेलं, विद्यापीठानं त्याचं अकाउंट डिलीट केलं, की त्यानं तुम्हाला शेअर केलेलं फोल्डरपण गेलं. निदान शेअर्ड ड्राइव्ह करून त्यात ठेवा, ती संस्थेच्या मालकीची असते. पण तेवढ्यानंही तो बॅकअप होत नाही. रेडचंही (दोन डिस्क आरशासारख्या जोडायची पद्धत) तेच आहे, दोन डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जाते, एक डिस्क मेली तर दुसरी वाचवते, पण चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडून एकाच क्षणी डिलीट होतं.

आता रेस्टिक. अलेक्झांडर नॉयमान यांनी २०१४ च्या सुमारास सुरू केलेला ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, गो भाषेत लिहिलाय, बीएसडी लायसन्स आहे, म्हणजे एक रुपया नाही आणि कुणाची परवानगी नाही. विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं. आणि इन्स्टॉल असं काही नाहीच, एकच फाइल असते, ती फोल्डरमध्ये ठेवायची आणि चालवायची. सरकारी व्यवस्थेत काम करणाऱ्यांना याची किंमत कळेल. तीन कोटेशन नाहीत, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर टाकायला नको, एएमसीची (वार्षिक देखभालीच्या कराराची) फाइल फिरवायला नको, दरवर्षी मार्चमध्ये रिन्यूअलसाठी कुठल्या हेडमधून पैसे काढायचे हा प्रश्न नाही. डिस्क तेवढ्या घ्यायला लागतात, त्या नॉन-रिकरिंगमध्ये बसतात, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद केली की विषय संपला. रिकरिंग खर्चाचा बॅकअप हा ग्रँट संपली की बंद पडतो हे मी आजूबाजूला इतक्या वेळा बघितलंय की माझ्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात वजनदार आहे.

काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक फाइलचे तुकडे करतं, सरासरी १ एमबीचे, कमीत कमी अर्धा आणि जास्तीत जास्त ८ एमबीचे, आणि तुकडा कुठे पाडायचा हे फाइलच्या आतल्या मजकुरावरून ठरवतं, त्यामुळे मोठ्या फाइलच्या मध्येच चार ओळी घातल्या तरी पुढचे सगळे तुकडे बदलत नाहीत. प्रत्येक तुकड्याचा शा-२५६ हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी ओळख, काढतं, तोच तुकडा त्या रेपोत, म्हणजे बॅकअप साठवायच्या जागेत, आधीच असेल तर परत साठवत नाही. याचा डिपार्टमेंटला प्रचंड फायदा होतो, कारण आपल्याकडे एकच नॅकची पीडीएफ दहा जणांच्या पीसीवर असते आणि पोरं दर आठवड्याला अख्खं फोल्डर कॉपी करून त्याला तारखेचं नाव देऊन ठेवतात. रेस्टिकला त्या कॉप्यांची जागा जवळजवळ लागतच नाही. २०२२ च्या ०.१४ व्हर्जनपासून कॉम्प्रेशनपण आलं, एक्सआरडीच्या टेक्स्ट फाइली आणि साधे टिफ चांगले दबतात, जेपेगमध्ये काही फरक पडत नाही. पहिला बॅकअप मात्र वेळ खातो, एसईएमच्या पीसीला शुक्रवारी संध्याकाळी लावून घरी जा, सोमवारी बघा. त्यानंतरचे बॅकअप चहा होईपर्यंत उरकतात कारण बदललेलंच तेवढं जातं.

आमची मांडणी अशी आहे. एक जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, दोन डिस्क एकमेकींच्या आरशात, आणि त्यावर रेस्टिकवाल्यांचंच रेस्ट-सर्व्हर नावाचं छोटं प्रोग्रॅम. प्रत्येक लॅबचा पीसी लॅनवरून तिथे बॅकअप टाकतो. रेस्ट-सर्व्हरला दोन ऑप्शन आहेत जे डिपार्टमेंटनं डोळे झाकून चालू करावेत. पहिला प्रायव्हेट रेपो, यात प्रत्येक लॅबला फक्त स्वतःचंच फोल्डर उघडता येतं. सगळ्यांचा मिळून एकच रेपो केला तर जागा जास्त वाचते हे खरं आहे, पण मग ज्याच्याकडे रेपोचा पासवर्ड त्याला सगळ्यांचं सगळं वाचता येतं, आणि एका गाइडच्या ग्रुपचा न छापलेला डेटा दुसऱ्या ग्रुपला दिसणं यावरून किती भांडणं होऊ शकतात ते मी सांगायला नको. आम्ही जागा सोडली आणि लॅबनुसार वेगळे रेपो केले. परीक्षेचे पेपर कुठल्याही लॅबच्या रेपोत जाता कामा नयेत, त्यासाठी वेगळा रेपो, वेगळा पासवर्ड आणि वेगळा माणूस. यात तडजोड करू नका.

दुसरा ऑप्शन अपेंड-ओन्ली. म्हणजे लॅबच्या पीसीवरून नवीन बॅकअप टाकता येतो पण जुना पुसता येत नाही. पीसीत रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) घुसलं आणि त्याला रेपोचा पासवर्ड सापडला तरी जुन्या प्रती तशाच राहतात. जुन्या प्रती कमी करायचं काम फक्त सर्व्हरवर बसून करायचं. इथे एक बारीक गोष्ट आहे जी रेस्टिकच्या डॉक्युमेंटेशनमध्येच दिलीय पण लोक वाचत नाहीत. "शेवटच्या इतक्या प्रती ठेव" असा नियम लावला तर घुसलेला माणूस खोट्या तारखांच्या भारंभार प्रती टाकून खऱ्या प्रती नियमाबाहेर ढकलू शकतो, म्हणून अपेंड-ओन्लीसोबत कीप-विदिन वापरायचं, म्हणजे अमुक काळातल्या सगळ्याच प्रती ठेवायच्या. आम्ही वर्षभराचं सगळं ठेवतो, कारण पीएचडीचं काम वर्षानुवर्षं चालतं आणि फाइल बिघडलीय हे कधीकधी सिनॉप्सिसच्या वेळेला लक्षात येतं.

हे एवढं काटेकोर कशाला असं कुणाला वाटत असेल तर क्योटो विद्यापीठाचं उदाहरण बघा. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या स्टोरेजमधून ७७ टीबी संशोधनाचा डेटा उडाला, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली, १४ ग्रुपना फटका बसला आणि त्यातल्या ४ ग्रुपचा डेटा परत आणताच आला नाही. व्हायरस नाही, आग नाही, काही नाही. जुन्या लॉग फाइली पुसणारा भाग बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये होता, ती स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारित स्क्रिप्ट टाकली गेली, स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रॅमनं अर्ध्यातून नवीन फाइल वाचायला सुरुवात केली, व्हेरिएबल रिकामी निघाली आणि लॉगच्या ऐवजी खऱ्याच फाइली पुसल्या गेल्या. एवढी मोठी संस्था, पुरवठादार कंपनीची तज्ज्ञ माणसं, आणि बॅकअपच्याच यंत्रणेनं डेटा खाल्ला. तेव्हापासून "पुसण्याचा अधिकार कुणाकडे आहे" हा प्रश्न मी पहिला विचारतो, आणि रेस्टिकमध्ये त्याचं उत्तर स्पष्ट देता येतं म्हणून ते मला आवडतं.

आता रिस्टोअर, खरी परीक्षा तीच. आमच्याकडच्या एका पीएचडीच्या मुलीची ओरिजिनची फाइल, थिसिसच्या चौथ्या चॅप्टरचे सगळे ग्राफ त्यात, सेव्ह होत असतानाच लाइट गेली आणि त्या लॅबचा यूपीएस बॅटरी संपलेला होता. लाइट आल्यावर फाइल शून्य केबी. ती बिचारी पांढरीफटक पडली होती. तिला शेजारी बसवलं आणि फाइंड कमांडला फाइलचं नाव दिलं, आठ-दहा सेकंदांत यादी आली, कुठल्या तारखेच्या प्रतीत ती फाइल आहे, साइझ किती, शेवटचा बदल कधी. मंगळवार दुपारची प्रत पूर्ण साइझची दिसत होती. रिस्टोअर करताना मूळ जागेवर टाकायचं नाही हा आमचा नियम आहे, डी ड्राइव्हला एक रिकामं फोल्डर केलं आणि त्यात काढली. तिनं डबल क्लिक केलं, ग्राफ उघडले, मंगळवारनंतरचं थोडं काम तिनं परत केलं. तिच्या गाइड मॅडम तोपर्यंत दारात येऊन उभ्या होत्या आणि त्यांनी त्याच दिवशी आपल्या लॅबचे उरलेले पीसी पण जोडून घेतले.

हे करताना एक गोष्ट अडते ती सांगून ठेवतो म्हणजे तुमची धावपळ होणार नाही. विंडोजच्या पीसीचा बॅकअप असला तरी रेस्टिकच्या आत रस्ता लिनक्ससारखा असतो, म्हणजे सी कोलन बॅकस्लॅश असं नाही, स्लॅश सी स्लॅश यूजर्स असं. विंडोजच्या सवयीनं टाइप केलं तर रिस्टोअर व्यवस्थित संपल्यासारखं दाखवतं आणि फोल्डर रिकामं राहतं, नवखा माणूस हबकून जातो की बॅकअपच नाही. लिनक्स आणि मॅकवर माउंट नावाची कमांड आहे, तिनं सगळ्या प्रती तारखेनुसार फोल्डरसारख्या दिसतात, उघडून बघा आणि हवी ती फाइल कॉपी करा, इतकं सोपं. विंडोजवर माउंट नाही, ही मोठी उणीव आहे. आम्ही त्यावर उपाय म्हणून सर्व्हरवरच माउंट करून देतो. मराठी नावाच्या फाइली एकदम नीट जातात आणि नीट परत येतात, पण विंडोजच्या काळ्या खिडकीत ती नावं चौकोन-चौकोन दिसतात, घाबरू नका, फाइल उघडली की नाव बरोबर असतं. श्रीलिपीच्या जुन्या फाइलींसोबत ते फॉन्टपण बॅकअपमध्ये घ्या, नाहीतर फाइल मिळेल आणि वाचता येणार नाही. तसंच मशिनच्या सॉफ्टवेअरचे सेटअप आणि लायसन्सच्या फाइली, कारण काही फॉरमॅट त्या एका सॉफ्टवेअरशिवाय उघडतच नाहीत.

विंडोजवर चालू असलेल्या फाइलींचा पण प्रश्न येतो. ऑफिसमध्ये एक्सेल दिवसभर उघडं, आउटलुकची मेलची पीएसटी फाइल उघडी, अशा काही फाइली रेस्टिकला वाचता येत नाहीत. त्यासाठी व्हीएसएस वापरायचा ऑप्शन आहे, तो लावला की विंडोज त्या क्षणाची गोठवलेली प्रत देतं, फक्त त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. तो नाही लावला तर बॅकअप होतो पण काही फाइली सुटतात आणि प्रोग्रॅम ३ नंबरचा एक्झिट कोड देतो. शून्य म्हणजे सगळं ठीक, ३ म्हणजे प्रत तयार झाली पण काही वाचता आलं नाही. स्क्रिप्ट लिहिताना हा ३ पकडाच, बरेच जण फक्त "झालं की नाही" एवढंच बघतात आणि नेमकी कॅशबुकची फाइल महिनोन्महिने सुटत राहते.

वेळ लावायला विंडोजचा टास्क शेड्यूलर वापरायचा, रेस्टिकमध्ये स्वतःचं शेड्यूल नाही. रात्रीची वेळ लावू नका, आपल्याकडे साडेपाच-सहाला शिपाई मामा सगळे मेन स्विच बंद करून जातात आणि ते बरोबरच करतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावा, आणि शेड्यूलरमध्ये "ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव" अशी टिक असते ती करा, ती बाय डिफॉल्ट नसते. मध्येच लाइट गेली तर काय होतं हे मी मुद्दाम बघितलंय, रेपो खराब होत नाही, आधी गेलेला डेटा पुढच्या वेळेला बराचसा कामी येतो. फक्त एक शिळं लॉक मागे राहतं, त्यानं पुढचे बॅकअप अडत नाहीत पण सर्व्हरवरचं साफसफाईचं काम अडतं, मग अनलॉक कमांड द्यायची. कमांड द्यायच्या आधी दुसरा कुठला पीसी खरंच काम करत नाहीये ना एवढं बघून घ्या.

साफसफाई म्हणजे फर्गेट आणि प्रून. फर्गेट जुन्या प्रती यादीतून काढतं, प्रून जागा खरोखर मोकळी करतं. पूर्वी प्रून फार रेंगाळायचं, २०२१ च्या ०.१२ व्हर्जनमध्ये ते नव्यानं लिहिलं आणि खूप फरक पडला, त्यामुळे इंटरनेटवर त्याआधीच्या तक्रारी वाचल्या तर त्यावर जाऊ नका. रॅम मात्र लागते, रेपो वाढला की इंडेक्स वाढतो आणि ४ जीबीच्या जुन्या डबड्यावर अंगाशी येतं. सर्व्हरला निदान ८ टाका, जमलं तर १६.

आता सगळ्यात अवघड जागा, मशिनला जोडलेले जुने पीसी. कुठल्याही केमिस्ट्री-फिजिक्स डिपार्टमेंटला जा, महागडं मशिन आणि त्याला जोडलेला विंडोज एक्सपीचा पीसी दिसेलच, कारण मशिनचं कार्ड आणि ड्रायव्हर त्याच्या पुढे चालत नाहीत. आत्ताचं रेस्टिक विंडोज १० च्या खाली चालत नाही, त्यामुळे तिथे थेट बॅकअप होणारच नाही. फोल्डर शेअर करावं म्हटलं तर एक्सपीला फक्त एसएमबी १ (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) येतं, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअर जगभर पसरलं ते त्याच दारानं. म्हणून असे पीसी डिपार्टमेंटच्या लॅनला कधीच जोडायचे नाहीत. आम्ही मध्ये एक छोटा लिनक्सचा पीसी ठेवलाय, त्याला दोन नेटवर्क कार्ड, एका कार्डाला फक्त मशिनचा पीसी, दुसऱ्याला डिपार्टमेंटचं लॅन, आणि दोघांमध्ये काही आरपार जाऊ द्यायचं नाही. हा मधला पीसी फोल्डर वाचून घेतो आणि पुढे रेस्टिकनं सर्व्हरला पाठवतो. थोडी मेहनत आहे, पण पेन ड्राइव्हची ये-जा थांबली आणि त्याबरोबर शॉर्टकट व्हायरसही थांबला, हे सगळ्या लॅबनी मान्य केलं.

पासवर्ड. इथे रेस्टिक अजिबात दयामाया दाखवत नाही आणि ते योग्यच आहे. सगळा डेटा एईएस-२५६ नं एन्क्रिप्ट होतो, ऐच्छिक नाही, आणि पासवर्ड हरवला तर बनवणाऱ्यांनाही उघडता येत नाही. ज्या ठिकाणी एका पोराच्या डोक्यात सगळं असतं आणि ते पोस्टडॉकला कोरियाला निघून जातं, तिथे हा खरा धोका आहे. सोय अशी आहे की एका रेपोला अनेक पासवर्ड देता येतात, की-अ‍ॅड नं वाढवायचे, माणूस गेला की त्याचा काढायचा. आम्ही प्रत्येक रेपोला तीन ठेवलेत, एक लॅबच्या पीसीचा, एक सांभाळणाऱ्या माणसाचा, आणि एक कागदावर लिहून बंद पाकिटात, पाकिटावर एचओडींची सही आणि पाकीट ऑफिसच्या गोदरेजच्या कपाटात सर्व्हिस बुकांशेजारी. एचओडी दर तीन वर्षांनी बदलतात, चार्ज देताना या पाकिटाची पण नोंद घ्यायची असं डिपार्टमेंटच्या मिटिंगमध्ये ठरवून घेतलंय. गेलेल्या माणसाचा पासवर्ड काढला तरी त्यानं आधीच रेपोची कॉपी बाहेर नेली असेल तर ती कॉपी तो उघडू शकतो, हेही लक्षात असू द्या.

तपासणी केल्याशिवाय यातल्या कशालाच अर्थ नाही. चेक कमांड नुसती चालवली तर रचना तपासते, डेटा वाचत नाही. डेटा वाचायला लावलं तर सगळा रेपो वाचायला फार वेळ जातो, पण तुकड्यातुकड्यानं वाचायचा ऑप्शन आहे, जानेवारीत बारापैकी पहिला भाग, फेब्रुवारीत दुसरा, असं करत वर्षभरात अख्खा रेपो एकदा वाचून होतो. हे मला फार आवडलं. याशिवाय दर सोमवारी सर्व्हरवर प्रत्येक पीसीची शेवटची प्रत कुठल्या तारखेची ते बघून ऑफिसच्या व्हाइटबोर्डवर लिहितो. ज्या लॅबची तारीख जुनी दिसते तिथलं पोरगं स्वतःहून येऊन विचारतं की आमचा का नाही झाला. ईमेलच्या अलर्टनं हे कधी होत नाही.

राहिली बाहेरची प्रत. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर, हा नियम फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकांपर्यंत नेला आणि तो अजूनही बरोबर आहे. क्लाउडवर पाठवायची सोय रेस्टिकमध्ये भरपूर आहे, एस३, बॅकब्लेझ बी२, अझ्युर, आणि आरक्लोन हे दुसरं टूल वापरून गूगल ड्राइव्हसुद्धा. बी२ २०२४ मध्ये महिन्याला एका टीबीला ६ डॉलर घेत होतं, पैसे फार नाहीत, पण ते क्रेडिट कार्डवर डॉलरमध्ये दर महिन्याला द्यायचे असतात आणि ऑडिटला हे समजावण्यात जन्म जाईल. आम्ही दोन एक्स्टर्नल डिस्क घेतल्या, कॉपी कमांडनं रेपोतल्या प्रती त्यावर उतरवतो, एक डिस्क कायम लायब्ररीच्या इमारतीत, महिन्याला अदलाबदल. दुसरा रेपो बनवतानाच पहिल्याची चंकर (तुकडे पाडायची) सेटिंग कॉपी करायचा ऑप्शन द्या, नाहीतर तुकडे वेगळ्या ठिकाणी पडतात आणि जागेची बचत जाते, नंतर बदलता येत नाही. पावसाळ्यात आमच्या इमारतीचं छत गळतं, सर्व्हर ठेवलेल्या खोलीतही ओल येते, त्यामुळे लायब्ररीतली डिस्क ही आमच्यासाठी चैन नाही.

दुसरं काय काय बघितलं? बोर्ग चांगलं आहे, लिनक्सची मंडळी त्याचं नाव घेतात, पण विंडोजवर नीट चालत नाही म्हणून आमच्यासाठी बाद. डुप्लिकाटीला छान खिडकी आहे पण प्रत्येक पीसीवर स्वतःचा डेटाबेस ठेवतं, तो बिघडला की आधी तो दुरुस्त करत बसायचं, मला ते पटलं नाही. कोपिया रेस्टिकसारखंच आहे आणि त्याला स्वतःचा ग्राफिकल इंटरफेस आहे. रेस्टिकचा अधिकृत असा काही नाही, सगळं कमांडवर, आणि डिपार्टमेंटमध्ये कमांडला न घाबरणारा एकही माणूस नसेल तर मी सरळ सांगेन कोपिया घ्या. बॅकरेस्ट नावाचं एक वेब इंटरफेस रेस्टिकवर बसवता येतं, ब्राउझरमधून प्रती बघता येतात, ते आम्ही एका लॅबला लावून बघतोय, आत्तापर्यंत ठीक चाललंय.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो विंडोजवर माउंट नाही आणि स्वतःची खिडकी नाही म्हणून. कुणाला सुरू करायचं असेल तर आधी एकाच लॅबचा एकच पीसी घ्या, बॅकअप करा आणि दुसऱ्याच दिवशी त्या लॅबमधल्या सगळ्यात नवख्या पोराला एक फाइल स्वतःच्या हातानं परत काढायला सांगा, कुठे अडतं ते कागदावर लिहा आणि तो कागद त्या पीसीच्या शेजारी चिकटवा, मग पुढचा पीसी.